संगणकांतील वाटणी

आमच्या संगणकावर विंडोज व उबुंटू असे दोन बिऱ्हाडकरू होते. पैकीं पहिल्याचे १०० जीबी वर्षभर ओस, तर दुसऱ्याकडे तीळ ठेवावयास जागा नाहीं! वाटणी बदलण्याचें आम्हीं ठरविलें. परंतु ‘रघुवंशा’वरील आमचीं ३० वर्षांचीं टिपणें त्याच डिस्कवर असल्यानें त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याखेरीज हात लावला नाहीं. वाचकांनींहि लावूं नये.

येथें क्रमाला व्याकरणाइतकेंच महत्त्व आहे. विभाग आखडतांना आधीं आंतील फाइल-व्यवस्था आखडावी, मग सीमा. वाढवितांना आधीं सीमा, मग व्यवस्था. आखडतांना उलट केल्यास मजकुराचें शेपूट कापलें जातें. जीपार्टेड हा क्रम आपण होऊन पाळतें, हें त्याचें सौजन्य. शिवाय मोकळी जागा लगतचीच हवी. आमची ती उबुंटूच्या आधीं होती, म्हणजे सारा मजकूर मागें सरकविणें आलें. चालू संसारांत हें होत नाहीं. म्हणून पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला. विंडोजचा भाग पुसला. आरंभींचा लहानसा ईएफआय विभाग मात्र राखला, कारण संगणक जागा होतो तो त्याच्याच बळावर. पुढें ३ तास वीज जाऊं नये, एवढेंच मागणें होतें. दुपारीं उबुंटू उघडलें. टिपणांतील एक अनुस्वारहि हलला नव्हता.