आपण या भिंतीवर कुठे आहोत?

गेल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी लेकीकडे लॉस एंजेलिसला गेले होते. एका रविवारी सकाळी तिने मला आणि माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला सॅन फर्नांडो खोऱ्यात एक भिंत पाहायला नेले. ‘भिंत काय पाहायची?’ असे मनात आले; पण परदेशात लेकीच्या घरी असताना आपण फारसे प्रश्न विचारत नाही.

तुहुंगा वॉश हा तिथला पुराचे पाणी वाहून नेणारा काँक्रीटचा खोल पाट. त्याच्या एका बाजूच्या भिंतीवर 2,754 फूट लांबीचे चित्र आहे. काठावरच्या पायवाटेने चालत ते पाहायचे, जणू एखादी लांबलचक पोथीच कोणी उलगडून ठेवली आहे. ज्यूडी बाका या मेक्सिकन वंशाच्या, त्याच शहरात जन्मलेल्या चित्रकर्तीकडे हे काम 1974 मध्ये आले. 1976 च्या उन्हाळ्यात रंगकाम सुरू झाले आणि पाट कोरडा असे त्या पुढच्या काही उन्हाळ्यांत चालू राहिले. हात एकट्या बाकांचे नव्हते. चारशेहून अधिक तरुण-तरुणींनी ते रंगवले. त्यांत वेगवेगळ्या वंशांची, गरीब वस्त्यांतील, काही तर कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुले होती. एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊलही न टाकणारी ही मुले एकाच परातीतला रंग वाटून घेत होती. इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याशी बोलत आणि वृद्धांच्या आठवणी ऐकून चित्रे ठरत.

मी मनाशी धरून चालले होते की, अशा चित्रात सगळे हात धरून नाचत असतील. पण तसे नव्हते. चुमाश आदिवासींपासून सुरू होणारी ही कथा रेल्वे बांधणाऱ्या चिनी मजुरांपाशी येते आणि 1871 मध्ये याच शहरात झालेली चिन्यांची हत्याही सांगते. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन तिथे आहेत. महामार्गांनी ताटातूट केलेले मेक्सिकन कुटुंबही आहे. शहराचा गौरव करताना शहराच्या जखमा झाकलेल्या नाहीत.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादी, यात आपण कुठे आहोत?”

लेकीने समजावले की, मूळ चित्र साधारण 1950 च्या दशकापाशी थांबते. भारतीयांना इथे मोठ्या संख्येने येता आले ते 1965 च्या कायद्यानंतर. भिंत पुढे वाढवण्याचे काम चालू आहे. त्याचे समाधान झाले, माझे मात्र नाही. कारण हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्या रूपात ऐकत आले आहे.

आमचे पूर्वज मारवाडातून लोटा-दोरी घेऊन नगर जिल्ह्यात आले, त्याला पाच पिढ्या झाल्या. माझे शिक्षण मराठीत झाले, माझी स्वप्नेही मराठीतच पडतात. तरी शाळेपासून आजपर्यंत कोणीतरी विचारतेच, “तुम्ही मूळचे कुठले?” दरवेळी वाटते, या गावाच्या भिंतीवर आपले चित्र काढायला कोणी विसरले तर नाही ना?

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात नगरची भिंत रंगवू लागले. 1490 मध्ये अहमद निजामशहाने वसवलेले शहर, भुईकोट किल्ला, मिशनच्या शाळा, मागावर बसलेले तेलुगूभाषक पद्मशाली, बोहरी दुकानदार, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे. त्यांच्या शेजारी आमच्या पणजोबांची गादी, तराजू आणि लाल बासनातली वही.

वहीपाशी कुंचला थांबला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर नगरकडच्या गावांतही शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांची कर्जखते काढून जाळली. दुष्काळ, सारा आणि चक्रवाढ व्याज यांनी पिचलेली ती माणसे होती. आमच्या घरात ही गोष्ट केवळ ‘दंगा’ म्हणून सांगितली जाई. वहीत कोणाचे अंगठे होते आणि त्या अंगठ्यांमागे कोणती घरे उपाशी होती, हे कोणी सांगितले नाही. माझ्या भिंतीवर ती होळी मी काढेन का? आणि काढलीच, तर कुंचला एकट्या माझ्याच हाती असावा का?

त्या पाटातल्या भिंतीचे मर्म मला तेव्हा उमगले. चारशे हात लागले, कारण एका हाताला आपल्या घराची एकच बाजू दिसते. ज्याची वही जळली त्याच्या नातवाने आणि ज्याने ती जाळली त्याच्याही नातवाने एकाच परातीतून रंग घ्यायला हवा. आपल्याला चित्रात जागा हवी असेल, तर दुसऱ्याच्या आठवणीत आपण जसे आहोत, तसे पाहण्याची तयारीही हवी.

त्या रात्री नातवाला मी पूर्वजांची गोष्ट सांगितली. लोटा-दोरीची सांगितली, तशीच जळालेल्या कर्जखतांचीही. त्याने विचारले, “मग चूक कोणाची होती?” मी म्हटले, “मोठा झालास की नगरला ये. ज्यांच्या पूर्वजांनी ती कागदे जाळली, त्यांच्या घरी आपण दोघे जाऊ आणि त्यांनाही विचारू.”