भूक नसलेल्यासाठी घास

इंग्लंडातल्या मासेमारीच्या दुकानात जावं ते जानेवारीत. बाहेर गवतावरचं दहिवर गोठलेलं असतं आणि आत फळीवर अननस, स्ट्रॉबेरी, काळी मिरी, साय, यकृत, स्क्विड अशा वासांच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असतात. त्यांत पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्याशुभ्र गोळ्या, काही हरभऱ्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या. कोपऱ्यातल्या फ्रिजमध्ये जिवंत अळ्या वळवळत असतात. त्या इथे अजून पाइंटच्या मापानं विकतात. एवढा थाट कुणासाठी, तर तळ्याच्या तळाशी जवळजवळ न हलता पडून राहिलेल्या, खाण्यावरची वासना उडालेल्या एका माशासाठी. त्या बरण्यांपुढून माझा पाय निघेना.

हा मासा म्हणजे कार्प, आणि तो आपल्याला परका नाही. उजनी धरणाहून येणाऱ्या पाट्यांमध्ये जो ‘सायप्रनस’ म्हणून विकला जातो तोच हा, जाड ओठांचा, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असलेला. पण उजनीच्या पाण्याला इथल्यासारखी थंडी ठाऊक नाही. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतं. म्हणून वर बर्फाचा पापुद्रा धरला तरी खोल तळाशी चारेक अंशांची ऊब शिल्लक राहते, आणि कार्प थव्यानं तिथे जाऊन बसतात. या माशाला जठर नाही. घशातल्या दातांनी भरडलेलं अन्न थेट आतड्यात उतरतं, आणि पाणी गारठलं की त्या आतड्याचं कामही मंदावतं. उन्हाळ्यात हाच मासा मासळीच्या कुटाचे तेलकट गोळे मूठमूठ फस्त करतो. हिवाळ्यात तेच गोळे पचायला जड, शिवाय गार पाण्यात तेल घट्ट होतं आणि वास आतच कोंडून राहतो. म्हणून जाणते लोक थंडीत तेल टाळतात. दुधाच्या भुकटीचे, दाण्यांच्या पिठाचे हलके गोळे घेतात आणि त्यांत पाण्यात चटकन पसरणारा, अल्कोहोलमधला अर्क घालतात.

तापातून उठलेल्या माणसापुढे कुणी पुरणपोळी ठेवत नाही. त्याला पेज देतात, किंचित मीठ घालून, आणि जिभेला जाग यावी म्हणून कडेला लिंबाच्या लोणच्याचा खार. ती झगझगीत गुलाबी गोळी म्हणजे तो खार आहे, असं मला वाटतं. पोट भरायला ती नाहीच. मिशीला लागावी, चव कळावी, तोंड उघडावं, एवढ्यासाठी ती आहे.

अननसाच्या वासाचं मला फार अप्रूप आहे. खवट लोण्याला ज्या ब्युटिरिक आम्लाचा वास येतो, त्याचाच अल्कोहोलशी संयोग झाला की अननसाचा सुगंध तयार होतो. कार्पवाले अननसाच्या अर्कात ते मूळ आम्लही थेंबभर घालतात. खवट आणि मधुर यांच्यामधली ही वाट माशाला कशी जाणवत असेल?

आयझॅक वॉल्टननं 1653 सालच्या आपल्या मासेमारीच्या पुस्तकात कार्पला नद्यांची राणी म्हटलं आणि तिच्यासाठी जो गोळा सांगितला, त्यात सशाचं किंवा मांजराचं मांस, घेवड्याच्या जातीच्या बियांचं पीठ आणि मध होता. मांजर वाचून मी पुस्तक मिटलं होतं. त्याहून मला आपला सोमेश्वर जवळचा. कल्याणीच्या या चालुक्य राजानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला आणि राजाच्या विनोदांत मत्स्यविनोदालाही जागा दिली. माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा, दोरी, गळ, सगळं त्यात मन लावून सांगितलेलं आहे. याच ग्रंथात मराठीतल्या अगदी जुन्या पद्यओळी सापडतात, हे अभ्यासकांना ठाऊक असतं. मत्स्यविनोदाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही.

पण कार्प म्हटलं की माझं मन जातं ते क्लॅरिसाकडे. हेरफर्डशरमध्ये रेडमायर नावाचं तीनेक एकरांचं तळं आहे. 1934 साली त्यात कार्पची पन्नास पिल्लं सोडली होती. 1951 मध्ये तिथे बॉब रिचर्ड्सला 31 पौंडांवरचा मासा मिळाला आणि देशाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी, 13 सप्टेंबर 1952 च्या पहाटे, रिचर्ड वॉकरच्या गळाला 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा मासा लागला. सोबत मित्र पीट थॉमस. आमिष काय, तर पाव! मळलेल्या पावाचा गोळा बुडतो, पावाची कड तरंगते. दोन्ही असे जोडायचे की घास अलगद उतरावा आणि शेवाळात रुतून न बसता त्यावर टेकावा. इतकं साधं आणि इतकं विचारानं केलेलं आमिष मला दुसरं माहीत नाही. वॉकरनं मासा ओल्या पोत्यात घालून पाण्यातच ठेवला आणि लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयाला फोन केला. त्यांची गाडी आली. वॉकर त्या मासोळीला रॅव्हिओली म्हणे, पण लोकांनी तिचं नाव क्लॅरिसा ठेवलं, आणि 1971 पर्यंत ती तिथल्या मत्स्यालयात राहिली. मुलं काचेला नाक लावून तिच्याकडे पाहत असणार.

कार्पच्या खवल्यावर वर्तुळं असतात. उन्हाळ्यात ती ऐसपैस पडतात, हिवाळ्यात वाढ खुंटते आणि ती एकमेकांना चिकटतात. ते दाट पट्टे मोजून वय काढतात. म्हणजे मासा किती जगला हे त्याच्या उपाशी महिन्यांवरून कळतं. रेडमायरचे हिवाळे क्लॅरिसाच्या अंगावर असे कोरलेले होते. रीजंट्स पार्कातल्या काचेमागच्या एकोणीसेक हिवाळ्यांनी तिच्या खवल्यावर काय लिहिलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तिथे घास वेळेवर येत होता, आणि त्यात गळ नव्हता.

आता गळ आमिषाच्या आत नसतोच. 1980 च्या सुमारास लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी घास गळाबाहेर, एका केसाला बांधून लोंबता ठेवला. पहिल्यांदा खरोखर माणसाचाच केस घेतला होता! मासा घास मोकळेपणी तोंडात ओढतो आणि गळ मागून जातो. 1980 सालीच 16 जूनला ख्रिस येट्सनं रेडमायरलाच 51 पौंड 8 औंसांचा कार्प धरला, मक्याच्या दाण्यांवर.

मलाही हिवाळ्यात मकाच पटतो. अळ्यांची बाजू घेणारे म्हणतात, अळी हलते, मासा थंडीतही हलत्याकडे वळतो. ते खरं आहे, आणि बाकी सगळं फसल्यावर अळीच कामाला येते हेही मी मानतो. तरी मक्याचे दोन दाणे केसात ओवावेत, भोवती आणखी चारपाच टाकावेत आणि हात आवरावा. बादलीभर चारा ओतणाऱ्यांवर माझा राग आहे: न खाल्लेलं तळाशी कुजतं, आणि ज्याला एकच घास झेपतो त्याच्यापुढे पंगत मांडण्यात माया नाही. दिवसही निवडून घ्यावा. दोनतीन दिवस हवा एकसारखी राहिलेली, वारा नैऋत्येचा, अटलांटिकवरची ऊब आणणारा, आणि वेळ दुपारची, पाणी अर्ध्या अंशानं का होईना चढलेलं असतं तेव्हाची.