पानी जड शे

१.
नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याची खानावळ. तूरडाळीच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दातांखाली येतो. विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "पानी जड शे." एवढंच. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेक्टिनला धरून बसतं, दाणा सुटत नाही. बाईंनी चिमूटभर सोडा टाकला, डाळ गपकन मऊ. सोड्यात ब-१ जीवनसत्त्व मरतं, पण ते ताटात कुणाला दिसतंय?

२.
पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सन २०१२. पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० चालेल. नाइलाजाला सरकारनेही तिप्पट जागा ठेवली आहे.

३.
आरओवाला दारात. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून त्याने वायर लावली. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी तपकिरी, मग काळपट, वर साय. मशीनचं मात्र नितळ. घरातल्या आजी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "बाई गं, हे पितो आपण?"

ती घाण कांडीची. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते, लोखंड झिजतं आणि गंज तरंगतो. क्षारच नसतील तर वीज जात नाही, म्हणून दुसरा ग्लास नितळ. मी मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मशीन घ्यायचं नसेल तर तसं सांगा."

आजींनी मशीन घेतलं.

४.
टीडीएस मीटर वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. कोणता क्षार, ते त्याला विचारू नये. ४०० आकडा आला तर त्यात कॅल्शियम असेल, मीठ असेल, किंवा दीड मिलिग्रॅम फ्लोराइड कोपऱ्यात बसलेलं असेल.

५.
"इकडच्या पाण्याने मुतखडा होतो." हे डॉक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सांगतात. जेवणासोबत पोटात गेलेलं कॅल्शियम खडा घडवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच अडकवतं, हे कुणी सांगत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपुढे, माणूस दिवसभर शेतात, बाटली अर्ध्या लिटरची. खडा व्हायला आणखी काय लागतं?

६.
१९५७. जपानमध्ये जुन कोबायाशी यांनी नद्यांचं पाणी आणि पक्षाघाताचे मृत्यू शेजारी मांडले. जिथे पाणी आम्लधर्मी, म्हणजे बहुधा कमी जड, तिथे मृत्यू जास्त. तेव्हापासून जड पाणी हृदयाला बरं की कसं, हा वाद चालू आहे. मॅग्नेशियमचं नाव पुन्हा पुन्हा येतं. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणाला आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेलीच नाही. मर्यादा आहे ती साबणाच्या फेसाची आणि गिझरच्या पुटाची.

७.
फ्लोराइडची गंमत उलटी. (गंमत हा शब्द चुकला.) कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधून खाली बसतं. म्हणून फ्लोराइड बहुधा सापडतं ते कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात. डाळ छान शिजवणाऱ्या, साबणाला छान फेस आणणाऱ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. मोठ्यांच्या हाडांचं काय होतं, ते नेल्लोरकडच्या रुग्णांवरून १९३७ मध्येच छापून आलं होतं.

८.
हातपंपाचं पाणी लालसर. हंड्याच्या तळाशी गंजाची रेघ. पंपाला टेकून उभ्या बाईच्या हातात लोहाच्या गोळ्यांची पट्टी. पाण्यातलं लोखंड चवीला नको, म्हणून तिने पंप सोडला. गोळ्यांनी मळमळतं, म्हणून त्याही सोडल्या.

९.
नायट्रेट: मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. इथे मात्र नाइलाजाची सवलत नाही. ऊस, केळी, मिरचीला टाकलेला युरिया खाली झिरपतो. रंग नाही, वास नाही. तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू धरेनासं होतं, बाळ निळं पडतं. बाळासाठी म्हणून पाणी उकळून घेतात. उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

१०.
१ जुलै १९९८: धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा.
१ जुलै २०२३: सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू, मध्य प्रदेशात शहडोलला.
नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातल्या वाकड्या पेशी अडकतात, दुखणं उठतं. डॉक्टर लिहून देतात: भरपूर पाणी प्या. धडगावच्या पाड्यावर झरा टेकडीखाली आणि घर टेकडीवर.

११.
टेंभली, तालुका शहादा. देशातला पहिला आधार क्रमांक इथे दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. बारा आकडी. माणूस कोणतं पाणी पितो, ते त्यात नाही.

१२.
नर्मदाकाठची गावं सरदार सरोवरात गेली. त्यातल्या बऱ्याच जणांना तळोद्याकडे वसवलं. वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, काय काय गेलं? वाटलं, जमीन म्हणतील, जंगल म्हणतील. तेही म्हणाले, पण नंतर. आधी म्हणाले, "पाणी लागलं आम्हाला." पहिलं वर्षभर पोटं बिघडलेली. बोअरचं पाणी गुळमट आणि चहा वेगळाच. मराठीत बारा गावचं पाणी प्यालेला माणूस चलाख समजतात. बाबांनी दोनच गावांचं प्यालंय.

१३.
उनपदेव, शहाद्याजवळ. गोमुखातून गरम पाणी पडतं. खरूज, नायटा घेऊन माणसं येतात. एक कुटुंब दोन कॅन भरत होतं, घरी न्यायला. भरून झाल्यावर मुलाला तहान लागली. तो ओंजळ करून गोमुखाखाली वाकला, तर आईने हात ओढला आणि पिशवीतून बाटलीबंद पाणी काढलं.