त्याला वकील कशाला?

मी तेव्हा चार वर्षांची होते. माजिवड्याच्या आमच्या चाळीतले एक काका बाबांबरोबर रोज ठाण्याहून लोकलने मुंबईला जात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी ते गावच्या पाहुण्यांना गाडीत बसवून देण्यासाठी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर थांबले, ते परत आलेच नाहीत. बाबा नेहमीच्या गाडीने घरी पोचले होते. आमच्या घरात याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेतून दिल्लीला आणले, तेव्हा बाबा टीव्हीसमोरून हलले नाहीत. "आणला ना? मग आता वकील कशाला न् तारखा कशाला?" ते संतापून म्हणाले. मी पडले राज्यशास्त्राची विद्यार्थिनी! उत्साहाने सांगू लागले, की १९९७ च्या प्रत्यार्पण करारानुसार अमेरिकेतील न्यायालयांनी आधी पुरावा पाहिला, राणा तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, मगच त्याला आपल्या हवाली केले. पाकिस्तानशी तर आपला असा करारच नाही. तिथे सात जणांवर २००९ साली सुरू झालेला खटला वर्षानुवर्षे रेंगाळला.

"तुझ्या पुस्तकात काका आहेत का?" बाबांनी विचारले. मी गप्प झाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कसाबचा खटला आठवत राहिले. त्याचे वकीलपत्र घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा न्यायालयाने वकील दिला. २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात अमलात आली. पण त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीयही आरोपी होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. पुरावा टिकला नाही. तिन्ही न्यायालयांनी त्यांना या खटल्यात निर्दोष ठरवले.

सकाळी चहा घेताना बाबांना मी एवढेच सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत.

"म्हणजे त्या रागात आपण तिघांनाही लटकावलं असतं," ते शेवटी म्हणाले. मग हळूच म्हणाले, "वहिनींना सांगायचं, तर नाव खरं असायला हवं."

बाबांचा राग गेलेला नाही, माझाही नाही. पण राणाच्या खटल्याची बातमी आली, की ते आता वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.