आधी रस्ता सांग

माझ्या घराच्या पडवीत आज दोन सायकली उभ्या आहेत. एक जुनी, जाड चाकांची, चिखलाचे डाग भूषणासारखे मिरवणारी. दुसरी नवी, सडपातळ आणि बाकदार हँडलची. येणारा-जाणारा विचारतो, "एका माणसाला दोन सायकली कशाला हो?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर सापडायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

जुनी सायकल ही डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक. हिचे कुळ फारसे प्राचीन नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही हौशी तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन माउंट तामालपाइस नावाच्या डोंगरावरून मातीच्या वाटांनी सुसाट खाली उतरत. त्या खेळातून अशा सायकली घडत गेल्या. माझी सायकल मात्र वसईच्या मातीत वाढली. तुंगारेश्वरच्या रानातील दगडगोट्यांची वाट असो, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरील ओहोटीनंतरची ओली वाळू असो, की वसईच्या किल्ल्यातील पडक्या भिंतींमधून गेलेली पायवाट असो. तिने मला आठ वर्षे सर्वत्र सुखरूप नेले. तिचे टायर पाच सेंटिमीटरांहून अधिक रुंद आणि पुढच्या चिमट्यात दणकट स्प्रिंगा. वाटेत खड्डा आला, तर टायर आणि स्प्रिंगा तो परस्पर वाटून घेत. माझ्यापर्यंत त्याची वार्ताही पोहोचत नसे.

अशा गुणी सायकलीला सवत आणण्याचे कारण काय? कारण होते माझी आत्या.

आत्या गणेशपुरीला राहते. आमच्या घरापासून हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. वसईहून निघून महामार्ग गाठावा, उत्तरेकडे शिरसाड फाट्यापर्यंत जावे, तेथे उजवीकडे वळावे आणि पारोळवरून वज्रेश्वरी ओलांडून गणेशपुरीला पोहोचावे. काका वारल्यापासून आत्या एकटीच असते. "दर रविवारी येत जाईन, आणि तेही सायकलीवरून," असे मी तिला मोठ्या हौसेने सांगितले होते. पहिले चार-पाच रविवार मी शब्द पाळला; परंतु डांबरी रस्त्यावर माझ्या डोंगरी सायकलीचे गुणच तिचे दोष होऊन बसत. जाड, खाचांचे टायर रस्त्याशी गुरगुरत. पॅडलवर जोर द्यावा, तर त्यातला काही स्प्रिंगाच गिळून टाकत. ताठ बसल्यामुळे समोरचा वारा सारा छातीवर येई. आणि वाऱ्याचा हिशोब मोठा कठोर असतो: वेग दुप्पट केला, तर हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो! पोहोचायला तीन तास लागत. मग दमलेला मी आत्येच्या ओटीवर झोपून जाई, आणि बोलायचे सारे राहून जाई.

हळूहळू रविवार चुकू लागले. सायकल जड होती हे खरे. पण त्या जडपणाआड माझा थोडा आळसही लपला होता. "पुढच्या रविवारी नक्की येतो," असे मी फोनवर सांगे. आत्या कधी रागावली नाही. ती एवढेच म्हणे, "बरं, सावकाश ये." ते दोन शब्द मला दिवसभर टोचत राहत.

शेवटी रस्त्यावर वेगाने धावणारी सायकल, म्हणजे रोड बाइक, घ्यायचे मी ठरवले. पण मन मोठे लबाड असते. विचार आत्येच्या अंगणातून निघाला आणि पाहता पाहता शर्यतीच्या मैदानात जाऊन पोहोचला! नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली होती. सुमारे चार हजार आठशे किलोमीटरांची ती दौड! तिची हकीकत वाचल्यापासून मला स्वप्नातही शर्यतीच्या सायकली दिसत. दुकानातील एक लालभडक सायकल तर माझ्या मनात भरलीच होती. तिचे टायर जेमतेम पंचवीस मिलिमीटर रुंद होते आणि वजन इतके कमी, की ती एका हाताने सहज उचलावी.

घेण्यापूर्वी परीक्षा पाहावी, म्हणून मी एका मित्राची तशीच सायकल एका सकाळसाठी मागून आणली. काय सांगू त्या सकाळची मौज! पॅडलवर पाय ठेवताच ती बाणासारखी सुटली. मी वाकून बसलो होतो आणि वारा पाठीवरून निघून जात होता. आपण आता कोणी निराळेच झालो, असे मला वाटू लागले. इतक्यात पावसाने उखडलेल्या रस्त्यावर एक खड्डा आला. आठ वर्षांच्या सवयीने मी तो टाळलाच नाही. दणका बसला, फुस्स असा आवाज आला आणि मी रस्त्याच्या कडेला गवतात जाऊन पडलो. कोपर खरचटले. ट्यूब काढून पाहिली, तर तिला शेजारीशेजारी दोन भोके, जणू सापाने दंश केला असावा! चाकाची कड आणि खड्ड्याची धार यांच्या चिमटीत ट्यूब सापडली होती.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. जुन्या सायकलीने माझे सारे दोष पोटात घातले होते. ती इतकी सोशिक होती, की रस्ता पाहण्याची मला कधी गरजच पडली नव्हती.

सायकल हाताने ढकलत मी घरी आलो. शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे होते. तरुणपणी ते रोज पहाटे काळ्या, जड सायकलीवर केळीच्या पानांचे भारे आणि भाजीच्या पाट्या लादून स्टेशन गाठत. माझी कथा ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, "कोणती सायकल घ्यावी, हे नंतर बघू. आधी रस्ता सांग. कुठून कुठे जाणार, आणि बरोबर काय नेणार?"

मी गप्प झालो. इतके दिवस मी सायकली पाहिल्या, किमती पाहिल्या, रंगही पाहिले. पण रस्ता मात्र पाहिला नव्हता. तो रस्ता शर्यतीचा नव्हता. तो वसई ते गणेशपुरीचा होता. कोठे गुळगुळीत, कोठे उखडलेला. आणि बरोबर न्यायची होती सुकेळी! आमच्या वसईच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली ती सुकेळी आत्येला फार आवडतात. त्या लालभडक सायकलीला कॅरिअर बसवायला जागाच नव्हती.

मग दुकानात गेलो तो निराळ्या डोळ्यांनी. दुकानदाराने दाखवलेली एक करडी सायकल लांबच्या प्रवासासाठी बनवलेली होती. हँडल बाकदार, पण थोडे उंच. त्यामुळे वारा चुके आणि कंबरही दुखत नसे. टायर बत्तीस मिलिमीटरांचे. माझ्या जुन्या टायरांहून बरेच अरुंद, परंतु लहान खड्डा सोसतील इतके भरीव. स्प्रिंगा नाहीत, पण हवा असते ना! १८८८ च्या सुमारास जॉन बॉयड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत, म्हणून हवा भरलेला टायर तयार केला होता. त्याचा तो उपाय आजही आपल्याला सावरून धरतो. मागे कॅरिअरसाठी छिद्रेही होती. मी सायकलीच्या आडव्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभा राहिलो; पाय जमिनीवर नीट टेकले. बसून पॅडल सर्वांत खाली नेले आणि त्यावर टाच ठेवली. पाय सरळ झाला. मापही जमले. रंग डोळ्यांत भरणारा नव्हता. पण आता त्याचे काही वाटले नाही.

पहिल्या रविवारी डोक्यावर शिरस्त्राण चढवून मी पहाटेच निघालो. या सायकलीवर डोळे सतत रस्त्यावर ठेवावे लागत. खड्डा दुरूनच ओळखावा लागे. परंतु त्यामुळेच रस्त्याशी माझी खरी ओळख झाली. तुंगारेश्वरच्या डोंगरावर ऊन उतरताना मी पारोळ मागे टाकले. पुढे वज्रेश्वरीचे देऊळ दिसले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि त्या मोहिमेत केलेला नवस या देवळाच्या रूपाने फेडला, असे सांगतात. बोललेला शब्द पाळायला निघालेला मीच या वाटेवर पहिला नव्हतो तर!

दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. आत्या अंगणात सडा घालत होती. मला पाहून तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "इतक्या लवकर?" ती म्हणाली. मी कॅरिअरवरची सुकेळी तिच्या हाती दिली. त्या दिवशी मी ओटीवर झोपलो नाही. आम्ही चुलीपाशी बसून काकांच्या, आजीच्या, जुन्या घराच्या गोष्टी बोलत राहिलो.

रानात जायचे झाले, की मी आजही जुनी सायकल काढतो. तिची बरोबरी तेथे कोणी करणार नाही. रविवारी मात्र नवी.

निघताना आत्या अंगणाच्या कडेपर्यंत आली. ती काय म्हणणार, हे मला ठाऊक होते. "पुढच्या रविवारी सावकाश ये," ती म्हणाली. या वेळी ते शब्द मला टोचले नाहीत.