ताटीचे अभंग

शिरूरच्या शाळेत आम्ही मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग पाठ केले. यमके जिभेवर बसली. अर्थ मात्र मनात उतरला नाही. तो उमगला सुट्टीत, दौंडास, मामांच्या घरी. धाकट्या बहिणीच्या हातून आमच्या वहीवर शाई सांडली. आम्ही तिला नको ते बोललो आणि दार लावून बसलो. ‘दादा, दार उघड ना!’ ती पुनःपुन्हा विनवू लागली.

तोच आळंदीचे ते दार आठवले. लोकनिंदेने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, अशी आख्यायिका आहे. ताटी म्हणजे झोपडीचे हलके दार. एका धक्क्याने मोडावे असे. परंतु मुक्ताबाईंनी ते मोडले नाही. कारण क्रोधाची ताटी आतूनच उघडावी लागते! प्रत्येक अभंगाच्या शेवटी तीच विनवणी येते, ती केवळ यमकासाठी नव्हे. ती दारावरची थाप होय.

ज्ञानेश्वर १२९६ साली समाधिस्थ झाले. आळंदीची इंद्रायणी भीमेस मिळते आणि ती भीमा दौंडावरून वाहते. त्या धाकट्या बहिणीचा उपदेशही सात शतकांनंतर असाच आमच्या दारी आला.

आम्ही कडी काढली. बहीण उभी होती. हातात तिची स्वतःची कोरी वही होती.