असईचे गोलंदाज

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला यावे आणि तिथून जाफराबादच्या दिशेने निघावे. या दोन गावांच्या मध्ये असई नावाचे एक खेडे आहे. एका अंगाला केळणा नदी, दुसऱ्या अंगाला जुई, आणि थोड्या अंतरावर दोघींचा संगम. मधल्या निमुळत्या पट्ट्यात कपाशी, मका आणि सोयाबीनची शेते. बाहेरून आलेल्या माणसाला इथे पाहण्यासारखे काही आहे असे वाटणारही नाही. पण बंगळुरूत या खेड्याच्या नावाचा रस्ता आहे. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनला म्हातारपणी विचारले गेले की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले होते.

ती लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रज कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन. त्याआधी तीनच आठवडे, २ सप्टेंबरला, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता.

गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या मुलांना घेऊन मी असईला गेलो होतो. नदीकाठी उभे राहून लढाई समजावून सांगत असताना नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, यात आपले लोक कोणाकडून लढले?" त्याला 'आपले' म्हणजे मुसलमान म्हणायचे होते. मी म्हणालो, "दोन्हीकडून." मुले गप्प झाली. या उत्तराचा अर्थ नीट सांगायचा तर थोडे लांबून यावे लागते, पार इटलीपासून.

पंधराव्या शतकात इटली हा एक देश नव्हता. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पोपचे राज्य आणि नेपल्स अशी पाच मोठी राज्ये होती आणि ती सतत एकमेकांशी लढत. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही व्यापाऱ्यांची शहरे. त्यांनी स्वतः तलवार धरण्यापेक्षा पैसे देऊन सरदार आणि त्याची फौज ठेवणे पसंत केले. हा व्यवहार लेखी करारावर चाले. किती स्वार, किती महिने, किती पगार, सगळे कागदावर. करार संपला की सरदार कालच्या शत्रूकडे चाकरीला जाऊ शके. जॉन हॉकवुड नावाचा असाच एक इंग्रज सरदार फ्लॉरेन्सच्या चाकरीत मेला आणि त्या शहराने आपल्या सर्वांत मोठ्या चर्चच्या भिंतीवर त्याचे घोड्यावर बसलेले चित्र काढून घेतले. ते आजही तिथे आहे.

आपल्या दख्खनला ही रीत नवी वाटू नये. आपला घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शहाजीराजांनी निजामशाही, मोगल आणि आदिलशाही या तिन्हींची चाकरी केली आणि त्यात त्या काळी कोणाला बेइमानी दिसली नाही. अठराव्या शतकात यात कवायती पलटणींची भर पडली. फ्रेंचांकडून शिकलेल्या या पायदळाला आपण 'गारदी' म्हणू लागलो. महादजी शिंद्यांनी अशा पलटणी उभारायला द ब्वान नावाचा अधिकारी ठेवला. तो शाँबेरीचा, म्हणजे आल्प्सच्या कुशीतल्या सव्हॉय राज्याचा. त्या राज्याची राजधानी इटलीतले तुरीन होती. इथे कमावलेला पैसा घेऊन तो घरी परतला आणि बराचसा त्याने गावासाठी खर्च केला. शाँबेरीत त्याच्या स्मारकाला चार ओतीव लोखंडी हत्ती आहेत. शिंद्यांच्या या फौजेच्या तुकड्यांना 'कंपू' म्हणत. हा शब्द आज आपण टोळक्यासाठी वापरतो.

असईला शिंद्यांच्या कवायती फौजेचा मुख्य होता पोहलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. त्याच्या हाताखाली दहा हजारांवर शिपाई आणि शंभराच्या आसपास तोफा. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही याच बाजूला. शिवाय शिंदे-भोसल्यांचे तीसेक हजार घोडदळ. वेलस्लीजवळ सगळे मिळून दहा हजारांच्या आतच माणूस होते. त्यात मोठा भाग मद्रासकडच्या देशी शिपायांचा, म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोन्ही. सोबत म्हैसूरचे घोडेस्वार आणि खुद्द पेशव्यांचे मराठी घोडदळही होते. ज्या बापू गोखल्यांनी १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना जीव दिला, ते १८०३ च्या मोहिमेत इंग्रजांच्या सोबत होते.

वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितले की केळणेला जवळपास उतार नाही. त्याला समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली. एवढ्या जवळच्या गावांमध्ये ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. तो बगलेवर आलेला पाहून पोहलमनने आपली सगळी रांग झपाट्याने वळवली. देशी पलटणी हे करू शकतील अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांचे ४२८ लोक ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. विजय मिळाला, पण एवढ्या लहान फौजेला तो फार महाग पडला.

आता मुख्य गोष्ट. शिंदे आणि भोसले लढाईच्या सुरुवातीलाच मैदानातून निघून गेले. घोडदळाचा मोठा भाग नेटाने लढाईत उतरलाच नाही. कंपनीने आधीच जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना बोलावले होते, आणि त्यांतले अनेक निघून गेले. पोहलमननेही पुढे कंपनीचीच चाकरी धरली. जागेवर उभे राहिले ते तोफखान्यातले साधे गोलंदाज. संगिनी छातीवर येईपर्यंत ते तोफांपाशी होते. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे जाताच उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. ही साक्ष खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवली आहे. त्या गोलंदाजांची नावे मात्र कुठे नाहीत.

फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेलीने इटलीच्या दुर्दशेचे खापर पगारी फौजेवर फोडले. त्याने १५०६ मध्ये आपल्या राज्यातल्या शेतकऱ्यांची फौज उभी केली. १५१२ मध्ये प्रातो गावी स्पेनच्या सैन्यासमोर ती पळाली. आपल्याकडेही 'गारदी' हा शब्द शिवीसारखा वापरतात, कारण १७७३ मध्ये गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून केला. पण इब्राहिमखानही गारदीच होता. उदगीरच्या लढाईत आणि पानिपतावर तो भाऊसाहेबांसोबत राहिला. धर्माच्या नावाने अब्दालीकडे येण्याचे बोलावणे त्याने नाकारले, आणि पकडला गेल्यावर जीव गमावला. पगार दोघांनीही घेतला होता. मग माणसाची जात ठरवायची ती पगारावरून, धर्मावरून, की वेळ आल्यावर तो कुठे उभा राहिला यावरून?

राज्ये बुडाली ती वरच्यांच्या फुटीने. मिलानच्या लुदोविकोने शेजाऱ्याला धडा शिकवायला १४९४ मध्ये फ्रान्सच्या राजाला इटलीत येऊ दिले. सहा वर्षांत तो स्वतः फ्रेंचांचा कैदी झाला आणि कैदेतच मेला. इकडे होळकरांनी १८०२ मध्ये पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. असईच्या वेळी होळकर लांब राहून पाहत होते. पुढच्या वर्षी ते एकटे इंग्रजांशी लढले. १८१८ मध्ये बाजीरावाचे राज्य गेले आणि तो बिठूरला पेन्शनीवर राहिला.

त्या मुलाला मी हेच सांगितले. बेटा, दोन्ही बाजूंना नमाज पढणारे होते आणि दोन्ही बाजूंना पूजा करणारेही. ही लढाई धर्माची नव्हती. त्यामुळे कोणी तुला इतिहासातल्या एखाद्या नावाचा जाब विचारला तर मान खाली घालू नकोस, आणि दुसऱ्या नावावर उगाच फुशारकीही मारू नकोस.

वाचकहो, असईला जायचे तर पाऊस संपल्यावर जा, म्हणजे नद्यांना पाणी असेल आणि दोन्हींमधली जागा नीट दिसेल. मुलांना सोबत न्या. 'गोलंदाज' म्हटले की त्यांना क्रिकेट आठवते. हा शब्द आधी कोणाचा होता, ते त्यांना तिथे सांगा.